पहिला नंबर आणि मल्लेश्वरमचे डबे

माझ्या थोरल्या भावाने वेबसाइट काढली तेव्हा तिचं उद्घाटन नारळ फोडून झालं. नारळ कुठे फोडायचा यावर थोडा वाद झाला, कारण वेबसाइट नेमकी कुठे असते हे कुणालाच सांगता येईना. भावाचं, म्हणजे अण्णाचं, म्हणणं होतं की ती अमेरिकेत आहे. वहिनी म्हणाली, "मग तिथे जाऊन फोडा." शेवटी तो बसवनगुडीच्या आमच्या घराच्या पायरीवर फुटला आणि त्याच्या पाण्याचे दोन थेंब टेलिफोनच्या वायरीवर शिंपडण्यात आले. जे काही जायचं होतं ते त्या वायरीतूनच जाणार होतं.

मॉनिटरवर आडवी लाल रिबन बांधली होती. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी ती कापली आणि 'माहितीचा महामार्ग' या विषयावर ते बोलू लागले. अध्यक्षांचं अर्धं आयुष्य उद्घाटनांत गेलं होतं. बोअरवेल असो की वधूवर मेळावा, भाषण तेच असायचं, फक्त नाम बदलायचं. ते बोलत असताना आतल्या खोलीत कुणीतरी फोनचं एक्स्टेन्शन उचललं आणि लाइन तुटली. भाषण संपवून अध्यक्षांनी माउस दाबला, तेव्हा पडद्यावर 'पान सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली. अध्यक्षांनी तिच्याकडे आदराने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही वाजवल्या.

हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचं. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांचं आहे की आमच्या मराठीत कानडी कुठे सुरू होते ते आम्हांलाही कळत नाही. मी मल्लेश्वरमच्या एका विज्ञानसंस्थेत ग्रंथपाल होते; लग्न केलं नव्हतं आणि अण्णाच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. अण्णाने त्रेपन्नाव्या वर्षी सरकारी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून जुना कॉम्प्युटर आणला आणि तीन महिन्यांत स्वतःला वेबपान करायला शिकवलं. याचं मला खरोखर कौतुक होतं. मी ते बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवायला घरात इतर बरेच लोक येत होते.

पानाचा हेतू चांगला होता. त्या वर्षांत पुण्या-मुंबईची मुलंमुली कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी लोंढ्याने बंगळुरात येत होती. त्यांना खोली हवी असे, जेवण हवं असे, आणि रिक्षावाल्याशी काय बोलायचं ते हवं असे. अण्णाने त्यांच्यासाठी इंग्रजीत माहितीचं पान काढलं. मराठीत काढता आलं नाही. देवनागरी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन पोचत. माहिती अशी सहा ओळी होती. त्याखाली जाहिराती होत्या, त्या बत्तीस.

याचं कारण मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका. वीस वर्षं तिच्या जाहिराती अण्णा गोळा करत असे. स्मरणिकेतली जाहिरात कुणी वाचत नाही, आणि कुणी ती वाचावी अशी देणाऱ्याचीही अपेक्षा नसते. ती चौकटीत घातलेली वर्गणी असते. मलपृष्ठाचा भाव वेगळा, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा वेगळा, आणि मधल्या पानांवर ज्याला जे सुचेल ते: 'हार्दिक शुभेच्छा', 'एक हितचिंतक'. अण्णाने हीच पद्धत उचलून वेबपानावर ठेवली. एकेका दुकानाच्या नावाची निळी, खाली रेघ असलेली ओळ, म्हणजे लिंक, तो वर्षाच्या बोलीवर विकायचा. सगळ्यांत वरची ओळ म्हणजे मलपृष्ठ. लिंकवर माउस दाबला की दुकानाचं पान उघडायला हवं, पण दुकानांना पानं होती कुठे? म्हणून तीही अण्णानेच करून दिली. प्रत्येकावर एक फोन नंबर आणि एक गणपती.

साडीवाले, ड्रायव्हिंग स्कूल, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, दोन ज्योतिषी, एक फोटोग्राफर. सगळ्यांनी अण्णाच्या शब्दाखातर ओळी घेतल्या. त्यांतली एकच ओळ कामाची होती, आणि ती तळाची.

ती होती मल्लेश्वरमच्या एका बाईंची. त्या एका मुलींच्या हॉस्टेलवर स्वयंपाकीण होत्या आणि सकाळी घरून आठ डबे करायच्या. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान बंद पडलं होतं. ते मोपेडवरून डबे पोचवायचे. त्या आठांतला एक डबा माझा. पोळी मऊ, भाजीत गूळ बेताचा, आणि आठवड्यातून एकदा असं पिठलं की आमच्या संस्थेतले प्राध्यापक काही ना काही जुनं नियतकालिक मागायच्या निमित्ताने माझ्या टेबलाशी घुटमळायचे. मीच अण्णाला म्हटलं, "या बाईंची ओळ घाल." त्याने घातली, आणि मंडळाचं पावतीपुस्तक मिटून ठेवून म्हणाला, "बाई, तुमचं नाव पहिल्या नंबरात आणून दाखवतो."

पहिला नंबर हे अण्णाचं दुसरं खातं. त्या वेळची सर्च इंजिनं साधीभोळी होती. एखादा शब्द पानावर जितक्या जास्त वेळा येईल, तितकं ते पान त्या शब्दाचं, असा त्यांचा समज. अण्णाने हे कुठल्याशा मासिकात वाचलं. वहिनी तेव्हा रामकोटी लिहीत असे, म्हणजे वहीत ओळीमागून ओळ रामाचं नाव, कोटी पुरी होईपर्यंत. अण्णा रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून ते पाहत असे. एक दिवस तो उठला, आणि पानाच्या तळाशी 'बंगळूर मराठी जेवण डबा खोली' हे शब्द इंग्रजीत सातशे वेळा लिहून आला. पान हळदीच्या रंगाचं होतं, अक्षरंही त्याने हळदीच्याच रंगाची केली. माणसाला दिसायचं नाही, यंत्राला दिसायचं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मोजणाऱ्याला मोजायला काहीतरी नको का?" अण्णा म्हणाला.

आणि काम झालं! कुणीही ते शब्द घालून शोधलं की पहिलं पान अण्णाचं. रोज सकाळी पूजा आटोपली की तो मोडेम लावायचा, ती शिट्टी-खरखर संपायची, अण्णा ते चार शब्द टाइप करायचा आणि स्वतःच्या पानाचं दर्शन घ्यायचा. व्हिजिटिंग कार्डावर आता 'मुख्य संपादक' होतं. आमच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहणारी पुण्याची इंजिनिअर मुलगी, जी रोज ऑफिसच्या बसने व्हाइटफील्डला जायची, तिने ते कार्ड वाचून विचारलं होतं, "काका, मग उपसंपादक कोण?" अण्णाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

बाईंचे आठ डबे सहा महिन्यांत बेचाळीस झाले. चौकशा ई-मेलने अण्णाकडे यायच्या, अण्णा फोनवरून बाईंना सांगायचा, दुसऱ्या दिवशी डबा सुरू. यात एक मेख होती, ती तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. ही मुलं टिकायची नाहीत. तीन महिने, चार महिने, आणि कंपनी त्यांना अमेरिकेला पाठवायची. जुन्या प्रोग्रामांतले वर्षाचे आकडे दोन हजार सालाच्या आत दुरुस्त करायला तिथे माणसं कमी पडत होती. म्हणजे बेचाळीस डबे राहायचे तर दर महिन्याला दहा-बारा नवी तोंडं हवीत. ती येत होती, म्हणून बाईंनी हॉस्टेलची नोकरी सोडली. शेजारची बंद खोली भाड्याने घेतली, दोन बायका पोळ्यांना ठेवल्या. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी त्यांना बजावलं, "तुमची जागा भरायला मला वेळ लागेल, तोवर विचार करा." बाई हसल्या होत्या.

पाऊस संपून थंडी पडायच्या सुमारास एका सकाळी अण्णाचं दर्शन चुकलं. पहिल्या नंबरावर कुणी दुसरंच होतं. दुसऱ्यावरही, तिसऱ्यावरही. पहिल्या दहांत अण्णा नव्हता. तो पुढे पुढे जात राहिला, आणि नवव्या पडद्यावर, कोलारच्या एका मोटार गॅरेजच्या खाली, त्याला आपलं पान सापडलं.

"मशीन बिघडलंय," अण्णा म्हणाला.

मशीन महिनाभर बिघडलेलंच राहिलं. अण्णाने लेटरहेडवर 'माननीय महोदय' अशी सुरुवात करून सर्च इंजिनाला पत्र लिहिलं आणि ते पोस्टाने कॅलिफोर्नियाला पाठवलं. उत्तर आलं नाही. मग त्याने सातशेचे चौदाशे केले. तेही भागेना, तेव्हा जाहिरातदारांतल्या दोन ज्योतिष्यांपैकी एकाच्या सल्ल्याने तो अदलाबदलीला लागला: तुमच्या पानाची लिंक मी देतो, माझी तुम्ही द्या. पंधरवड्यात बंगळुरातल्या खोल्यांच्या माहितीशेजारी टोरांटोचं केशतेल आणि कुठलासा मांजरप्रेमींचा संघ येऊन बसला. पान नवव्या पडद्यावरून चौदाव्यावर गेलं.

याचा परिणाम मला डब्यावरून कळला. एके दिवशी डबा नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आला. दुसऱ्या दिवशीही. मी बाईंच्या नवऱ्याला विचारलं, "आज लवकर?"

"थांबे कमी झाले, अक्का," ते म्हणाले. "बेचाळीसचे एकोणीस. हॉस्टेलची जागा महिनाअखेर भरणार म्हणे. ही काही बोलत नाही, पण परवा तिथला जुना एप्रन धुऊन ठेवलाय तिने."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन पुण्याच्या मुलीला वरून खाली बोलावलं. अण्णा आधी नको म्हणत होता. मुख्य संपादकाला भाडेकरूची मदत घेणं अवघड जातं. ती आली, खुर्चीत पाय वर घेऊन बसली, आणि कुठलीशी कळ दाबून तिने पानाचा कच्चा मजकूर उघडला. सातशेचे चौदाशे झालेले शब्द वरून खाली ओघळू लागले. ती ते खाली खाली सरकवत राहिली. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"काका," मुलगी म्हणाली, "सीरियसली?"

"नियम होता तसा."

"होता. आता बदललाय. आता नवीन जी इंजिनं येतायत ना, ती तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता ते ऐकतच नाहीत. तुमच्याबद्दल दुसरे कोण बोलतायत ते बघतात. कोणाच्या पानावरून तुमच्या पानाकडे लिंक येते. आणि ते देणारे स्वतः कोण आहेत, तेपण. जुनी इंजिनंपण त्याच वाटेला लागलीत. हे लपवलेले शब्द त्यांना चीटिंग वाटतं. आणि विकलेल्या बत्तीस लिंका, प्लस हे केशतेल... काका, तुमच्या पानाकडे कोण कशाला बोट दाखवेल?"

मला एकदम ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं झालं. आमच्या ग्रंथालयात तळाच्या कप्प्यात जाडजूड लाल खंड होते. कुठल्या शोधनिबंधाचा आधार पुढे किती जणांनी घेतला, याची ती सूची. भल्या भल्या शास्त्रज्ञांना मी तिथे गुडघ्यांवर बसून, भिंग घेऊन, स्वतःचं नाव शोधताना पाहिलं आहे. तिथेही अदलाबदल चालते: तू माझा निबंध घे, मी तुझा घेतो. काही दिवस खपतं. पण ज्याचं काम दुसऱ्याला खरोखर उपयोगी पडतं, त्याच्या नावापुढचे आकडे वेगळेच दिसतात. कुठल्या कुठल्या देशांतले, एकमेकांना न ओळखणारे लोक. अण्णाला मी हे सांगितलं.

अण्णा पडद्याकडून आमच्याकडे वळला. "म्हणजे मी लोकांना फसवलं?"

"यंत्राला फसवलंत," मुलगी म्हणाली. "लोकांना डबा चांगलाच मिळाला."

"बाईंना मी पहिला नंबर कबूल केला होता." अण्णाने चष्मा काढला. "आणि त्यांनी नोकरी सोडली."

वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मग इथे काय बसलात? त्यांना जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर बस बदलून मल्लेश्वरमला गेलो. बाई ओट्याशी उभ्या राहून कोथिंबीर निवडत होत्या. पोळ्यांच्या दोन बायकांपैकी त्या दिवशी एकच आली होती. अण्णाने इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं: सातशे वेळा, हळदीच्या रंगात, मग चौदाशे, आणि आता चौदावा पडदा. वीस वर्षं भाषणं ऐकलेल्या माणसाने इतकं थोडक्यात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी कोथिंबीर बाजूला सारली. "म्हणजे ती पोरं माझा डबा चांगला म्हणून आली नव्हती?"

मी म्हटलं, "आली अण्णाच्या सातशे ओळींमुळे. राहिली डब्यामुळे. एकाने तरी मध्येच सोडला का?"

त्यांनी विचार केला. "एकाने. त्याला शेपू आवडायचा नाही. तो पण आठ दिवसांनी परत आला."

"मग?"

"मग काय अक्का. चव आहे हो, पण तोंडापर्यंत पोचायला पाहिजे ना." त्या अण्णाकडे वळल्या. "अण्णा, माझ्याकडे तीन आठवडे आहेत. तेवढ्यात होईल काही?"

"पहिला नंबर येणार नाही," अण्णा म्हणाला.

"नंबर कोण मागतंय? मी डबे म्हणते."

घरी येताना अण्णा बसमधून उतरला तो थेट बाजारात गेला, साडीवाल्याच्या दुकानात. मीही मागे गेले. तिथे गादीवर मालक बसले होते. अण्णाने लिंक काढावी लागेल असं सांगितलं आणि उरलेल्या महिन्यांचं काय ते परत करतो म्हणाला.

"सरी, चालेल, अण्णा, काढा," मालक म्हणाले. "आणि परत कसलं करता? मी ते पान अजून बघितलेलंपण नाही. तुम्ही पावतीपुस्तक घेऊन आलात, मी दिलं. गणपतीला देतो तसं."

"एकही गिऱ्हाईक आलं नाही?"

"कॉम्प्युटरवरून साडी? अण्णा, स्वल्प विचार करा की हो."

बाई सोडून एकतीसही जणांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. ज्योतिषी तेवढे रागावले, पण आपली लिंक जाणार हे त्यांना आधी कसं कळलं नाही, असं वहिनीने विचारल्यावर गप्प झाले. अण्णा त्या दिवशी जरा लहान झाल्यासारखा घरी आला, आणि मला वाटतं त्याला ते फारसं वाईटही वाटलं नाही.

बत्तीस ओळी गेल्या, चौदाशे शब्द गेले, केशतेल आणि मांजरं गेली. उरल्या माहितीच्या सहा ओळी. आता लिहायचं काय? अण्णाने पहिला मसुदा आणून दिला. त्याची सुरुवात होती: 'हे दालन वाचकांच्या सेवेत सादर करताना आम्हांस अत्यानंद होत आहे.' मी ती ओळ खोडली. दुसरीही खोडली. तिसऱ्या परिच्छेदात अध्यक्षांचा संदेश होता.

"अण्णा," मी म्हटलं, "समज आपला भाचा पहाटे बसने मॅजेस्टिकला उतरलाय. हातात दोन बॅगा. तू त्याला काय सांगशील?"

"पहिलं सांगेन, रिक्षात बसायच्या आधी मीटर बघ."

"हं, लिही."

मग तो लिहू लागला, आणि आठवडाभर थांबला नाही. बंगळुरात घरमालक दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो, ते ऐकून घाबरू नका, सगळेच मागतात. पण परत कधी मिळणार ते तेव्हाच विचारा. खोली बघण्याआधी पाण्याची टाकी बघा, कारण पाणी एक दिवसाआड येतं. तुम्ही काय खाता असं मालकीणबाई विचारतील. खरं सांगा, नाहीतर वास सांगेल. 'स्वल्प' म्हणजे थोडं. थोडं पाणी, थोडं पुढे, थोडं थांबा, या एका शब्दावर पहिला महिना निघतो. संध्याकाळी स्वेटर लागतो, पुण्याच्या लोकांचा यावर विश्वास बसत नाही, मग ते शिंकतात. आणि मल्लेश्वरमच्या डब्यांचं एक वेगळं पान: कुठल्या वारी काय, कुठल्या भागात किती वाजता पोचतो, कुठे पोचत नाही. शेपू कधी असतो तेही. त्यात 'रुचकर' हा शब्द नव्हता. बाईंनीच तो काढायला लावला, म्हणाल्या, "ते खाणाऱ्याने म्हणायचं."

पुण्याच्या मुलीने एका रविवारी बसून ते सगळं नीट लावून दिलं आणि स्वतःच्या छोट्याशा पानावर त्याची लिंक टाकली. आता दुसरे कोण बोट दाखवणार, हा प्रश्न होता. अण्णाचा हात लगेच जुन्या सवयीने चालू लागला. डबा खाऊन गेलेल्या सगळ्या मुलांचे ई-मेल त्याच्याकडे होते. "त्यांना विनंतीपत्र पाठवतो," तो म्हणाला, "कृपया आमच्या पानाची लिंक द्यावी."

"मागू नको," मी म्हटलं. "तेच तर करत आलास. त्यांना काहीतरी विचार."

तेव्हा त्याने विचारलं. तुम्ही पहिल्यांदा बंगळुरात आलात तेव्हा काय माहीत असतं तर बरं झालं असतं? एवढंच एक वाक्य, आणि खाली बाईंनी सांगितलेला निरोप. बाईंच्या लक्षात नावं राहत नसत. त्यांना माणसं जेवणावरून आठवायची. त्यामुळे निरोप एकेकाला वेगळा होता. 'बिनलसणाच्या आमटीवाल्याला सांगा, तिकडे डाळ मिळते का?' 'दोन पोळ्या जास्त घेणाऱ्याला सांगा, एवढ्या थंडीत जेवत जा.' अण्णाने हे शब्दशः टाइप केलं. मला वाटतं त्याच्या आयुष्यात त्याने इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही त्याचं नव्हतं.

उत्तरं आली. ती काही शुभेच्छा नव्हत्या. टेक्सासहून एकाने तीन पानं भरून लिहिलं होतं की पहिल्या आठवड्यात त्याला कुणी सांगितलं असतं की बसचे आकडे कानडीत लिहिलेले असतात, तर तो चारदा यशवंतपूरला गेला नसता. अण्णाने कानडी आकडे पानावर घातले. दुसऱ्या कुणी दवाखान्याचं विचारलं, तिसऱ्या मुलीने एकटीने राहायला कुठला भाग बरा ते स्वतःच लिहून पाठवलं. ते सगळं ज्याच्या त्याच्या शब्दांत पानावर गेलं. आणि मग, कुणी न सांगता, टेक्सासच्या मुलाने आपल्या पानावर एक ओळ टाकली: 'बंगळूरला निघाला असाल तर आधी हे वाचा.' त्याच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या पानाने ती उचलली. आणखी चार-पाच जणांनी स्वतःच्या टाकल्या.

इथे मला खरं ते सांगायला हवं. सर्च इंजिनाला यातलं काही त्या तीन आठवड्यांत कळलं नाही. त्या काळी ती यंत्रं महिना-दीड महिन्याने एकदा फिरकायची, आणि अण्णाचं पान चौदाव्या पडद्यावर तसंच पडून राहिलं. पुढे उन्हाळ्यात ते पहिल्या पडद्यावर आलं, सहाव्या नंबरावर. त्याच्या वर तेव्हा एक हॉटेल, एक सरकारी खातं आणि असे तीन जण होते की त्यांच्याबद्दल अण्णाला काही तक्रार नव्हती. पण बाईंना थांबायला उन्हाळ्यापर्यंत वेळ नव्हता. त्यांच्याकडे जे आले ते लिंकांवरून आले. टेक्सासच्या मुलाचा धाकटा भाऊ, त्याचे दोन रूममेट, कॉलेजचं पान वाचून आलेल्या तीन मुली. ते आल्या आल्या कुठल्या वारी काय असतं ते सांगत, जणू वर्षभर जेवत होते. एकोणिसाचे सतरा झाले, मग एकवीस, मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सव्वीस.

सव्वीस म्हणजे बेचाळीस नव्हे. दोन पोळीवाल्या बायका आणि शेजारच्या खोलीचं भाडं सव्विसात बसतं की नाही, याची बाई आणि त्यांचे यजमान रोज बेरीज करत आणि रोज वेगळं उत्तर काढत. अण्णा रोज फोन करायचा आणि नवीन चौकशी नसली तरी 'आज एकही नाही' असं सांगायचा. आधीच्या दिवसांत तो असं कधी सांगत नसे.

शेवटच्या तारखेला दुपारी बाई माझ्या ग्रंथालयाच्या दाराशी उभ्या राहिल्या. अंगावर चांगली साडी, हातात पिशवी. "अक्का, हॉस्टेलवर येता का माझ्याबरोबर? आज उत्तर द्यायचंय."

"काय देणार?"

"तिथे गेल्यावर कळेल मला."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही. घडी घातलेल्या कापडाची कड दिसत होती. रस्ताभर त्या महागलेल्या कांद्याबद्दल बोलत होत्या.

वॉर्डनबाई दाराशीच भेटल्या. उंच, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, कानडीत बोलणाऱ्या. त्यांनी आम्हांला बसायला सांगितलं आणि टेबलावरचा एक कागद पुढे ओढला. "उद्यापासून याल ना? मुली रोज तुमच्या सांबाराची आठवण काढतात."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "किती मुली आहेत आता?"

"साठ."

"साठ," बाई म्हणाल्या. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या; त्यांनी त्या ऐकल्या, आणि मला दिसलं की त्यांच्या ओठांत त्या मोजल्या जात होत्या. "तिसरीला उतरवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "भात लागणार."

"म्हणूनच म्हणते, या."

"नाही येत मी, बाई."

वॉर्डनबाईंनी कागद तसाच धरून ठेवला. "किती डबे आहेत तुमचे?"

"सव्वीस."

"आणि उद्या वीस झाले तर?"

"तर वीस करीन. ते माझाच डबा विचारत आलेत, बाई. आता मी नाही कशी म्हणू?" त्यांनी पिशवीतून एप्रन काढला, धुतलेला, इस्त्री केलेला, आणि टेबलावर ठेवला. "हा हॉस्टेलचा. आणि माझ्याकडे पोळ्यांना येते ती एक बाई आहे, तिला पूर्ण नोकरी पाहिजे. हात चांगला आहे तिचा. मीठ फक्त दोन दिवस बघावं लागेल."

वॉर्डनबाईंनी एप्रनकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि कागदावर काहीतरी खोडून विचारलं, "नाव काय तिचं?"

बाहेर आल्यावर बाई इतक्या भराभर चालू लागल्या की मला त्यांना गाठणं कठीण गेलं. मी म्हटलं, "अहो, सावकाश."

"अक्का, साडेतीन वाजले," त्या मागे न बघता म्हणाल्या. "उद्या भरली वांगी आहेत, आणि मसाला वाटायला आता एक हात कमी झाला. तुम्हांला वाटता येतो का?"

मला येत नव्हता. पण रजा टाकलेली होती, म्हणून मी गेले.